भजनाच्या हंगामात दरवर्षी आवाज बसतोय? आधी तबला कुठल्या पट्टीत आहे ते बघा

सलग तीन वर्षं माझा आवाज ठरल्यासारखा एकाच सुमारास बसला. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ठणठणीत, गणपतीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी वरच्या सुरांत खरखर आणि नवरात्रात तिसऱ्या माळेला तोंड उघडलं की नुसती हवा. दिवाळीच्या फराळापर्यंत तो परत यायचा, म्हणून मीही दरवर्षी विषय सोडून द्यायचे. विशारद झालेली बाई, जुळे सोलापुरात घरी मुलं गाणं शिकायला येतात, आणि हिचाच गळा बसलेला. मुलांच्या आया दारातूनच विचारायच्या, "ताई, अजून बसलालाय का ओ आवाज?" मी मान हलवायचे. बोलायची सोय नव्हतीच.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत 'बोला हर्र' ओरडून आमच्या गल्लीतल्या पोरांचे गळे बसतात, ते दोन-तीन दिवसांत सुटतात. तसं ओरडणं एकदाचं असतं आणि त्याचं कारणही समोर दिसतं. आमचं दुखणं दरवर्षी त्याच आठवड्यात यायचं आणि महिनाभर हलायचं नाही.

तिसऱ्या वर्षी मी आमच्या भजनी मंडळातल्या बाकीच्या बायकांना विचारलं. खरं तर पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं. आम्ही अकराजणी, त्यांतल्या सहाजणींचा आवाज त्याच पंधरवड्यात गेला होता. प्रत्येक जण आपापल्या घरी ज्येष्ठमध चघळत गप्प बसलेली. एकीचा गळा बसला तर तिच्या गळ्यात बघावं. सहाजणींचा एकदम बसला तर सहाजणींत सामाईक काय आहे ते शोधावं. सामाईक होतं काय, तर एक पेटी, एक तबला-डग्गा, दहा टाळ आणि देवळापुढचा पत्र्याचा मंडप.

शोधायला वर्ष गेलं. निम्मं उत्तर पट्टीत निघालं, म्हणजे आपण 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर धरतो त्यात. मी शिकवते गाणं, डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवते.

पट्टी-बिट्टी नंतर, आधी डॉक्टर कुणाला हवाय ते ठरवा

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरयंत्र आतून बघून घ्या. नुसती जीभ दाबून बॅटरीने घसा बघितला, तर स्वरतंतू दिसत नाहीत. त्याला आरसा किंवा कॅमेऱ्याची नळी लागते. थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, मानेत गाठ, श्वास घेताना आवाज येणं, यांतलं काहीही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. गाता गाता आवाज एकदम, दिवा विझावा तसा गेला तर त्या क्षणी गाणं बंद. स्वरतंतूत रक्त उतरलेलं असू शकतं, आणि त्यावर गात राहिलं तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका आहेत, आणि मशेरी लावणाऱ्याही कमी नाहीत. तंबाखूशी रोजचा संबंध असेल तर बसलेल्या आवाजाला 'भजनामुळे' म्हणून मोकळं होऊ नये. आमच्या एक मावशी मी मागे लागले म्हणून गेल्या. काही निघालं नाही, साधी सूज होती, पण मशेरी मात्र सुटली.

मी स्वतः आधी दोन वर्षं जवळच्याच एका दवाखान्यातून अँटिबायोटिकची पाकिटं आणून खाल्ली. बसलेला आवाज बहुतेक वेळा एक तर विषाणूमुळे असतो, नाही तर वापरामुळे. दोन्हींवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शेवटी कॅमेरा घालून बघितलं तेव्हा पडद्यावर दिसलं: दोन्ही स्वरतंतूंच्या कडेला, पुढच्या बाजूने साधारण एक तृतीयांश अंतरावर, समोरासमोर दोन बारीक उंचवटे. ज्या जागी तंतू एकमेकांवर सगळ्यांत जोरात आपटतात, नेमकी तीच जागा. झाडू मारून तळहाताला घट्टे पडतात, तसंच हे. ऑपरेशन नको, वापरण्याची पद्धत बदला आणि वाचा-उपचार घ्या, असं सांगितलं.

(हे आतून बघण्याची युक्ती मुळात एका गाणं शिकवणाऱ्याची आहे बरं का. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले. पुढे हा गृहस्थ एकशे एक वर्षं जगला.)

कधी बिघडतो ते वहीत लिहा

'आवाज बसला' एवढ्यावरून काही कळत नाही. मी मुलीच्या जुन्या वहीत रोज दोन वेळा लिहायला लागले: सकाळी उठल्यावर आणि भजनाहून आल्यावर. महिनाभरात फरक दिसायला लागला.

सकाळी उठल्या-उठल्या घोगरा, सारखं खाकरावंसं वाटतं, घशात काही अडकल्यासारखं, आणि दहा-अकरापर्यंत मोकळा होतो, असं असेल तर रात्रीच्या जेवणाकडे बघा. सकाळी छान, भजनात तासाभरानंतर वरचे सूर निसटायला लागतात, तर पट्टी चुकली आहे. भजनात काही वाटत नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवसभर जड, तर तुम्ही नुसतं वर चढत नव्हतात, ओरडत होतात. आणि गायच्या आधीच आवाज थकलेला असेल, तर दिवसभरात तुम्ही कुठे आणि कुणाशी बोलता ते बघा. आमच्यातली एक यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते. घरी तेलुगू, भजनात मराठी, आणि कारखान्यात फक्त ओरडा, कारण मागांच्या खडखडाटात शेजारच्या बाईलाही हाक मारून सांगावं लागतं. संध्याकाळी देवळात पाय ठेवायच्या आधीच तिचा गळा आठ तासांची मजुरी करून आलेला असतो. तिला मी सांगितलं, तू पहिला अर्धा तास फक्त टाळ धर. मला स्वतःला वहीतून कळलं की नळाला पाणी यायच्या दिवशी माझा आवाज हमखास वाईट असतो. मोटार, पाइप, वरच्या मजल्यावरच्यांना हाका. त्यात गाणं कुठेच नाही.

आता दोन परीक्षा. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिली: तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या 'सा'च्या आसपास कुठलीही ओळखीची ओळ अगदी हलक्या आवाजात गा, झोपलेल्या बाळाला उठू न देता गावं तशी. सूर लगेच लागला तर ठीक. आधी हवा आणि मग सूर, किंवा सूर मध्येच तुटतो, तर स्वरतंतूंवर सूज आहे. जोरात गायलं की ही सूज झाकली जाते, म्हणून 'मोठ्याने तर येतंय की' या बोलण्याला अर्थ नाही. आम्ही तीन वर्षं हेच बोलत होतो. सूज आलेल्याला मोठ्यानेच गावं लागतं आणि मोठ्याने गाऊन सूज वाढते. या फेऱ्यातूनच आवाज 'बसतो'.

दुसरी: पोटभर श्वास घेऊन सापासारखा 'स्स्स्' जितका वेळ ओढता येईल तितका ओढा आणि सेकंद मोजा. मग तितकाच श्वास घेऊन भुंग्यासारखा घोष असलेला 'झ्झ्झ्'. निरोगी गळ्यात दोन्ही साधारण सारखे भरतात. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर १.४ च्या वर गेलं, तर तंतू नीट मिटत नाहीयेत अशी शंका घ्यावी. नवरात्रानंतर माझे आकडे होते २० आणि १३. हा निदानाचा पुरावा नव्हे, पण डॉक्टरांकडे जायचं की नाही हे ठरवायला पुरतो.

आता तबला

मंडळाकडे एकच दायाँ (उजव्या हाताचा तबला) आहे, कुणीतरी देणगीत दिलेला. सव्वापाच इंच तोंडाचा, म्हणजे टिपेचा, उंच सुराचा. तो काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या बटणाच्या सुराला छान बोलतो. वादी ओढून, गठ्ठे ठोकून थोडा चढवता-उतरवता येतो, पण फार उतरवला की पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि नाद जाऊन नुसता धप्प आवाज येतो. म्हणून तबला काळी एकला, तबला काळी एकला म्हणून पेटी काळी एकला, आणि पेटी काळी एकला म्हणून आम्ही अकराजणी काळी एकला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही. मीही नाही, आणि मला तर हे कळायला हवं होतं.

काळी एक ही पट्टी बऱ्याच पुरुष गायकांची असते. पण पुरुष त्या पट्टीत गातो, तेव्हा त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो, म्हणजे तबल्याच्या पूर्ण एक सप्तक खाली. बाईने तीच पट्टी धरली की तिचा षड्ज २७७ वर येतो, तबल्याच्या बरोबरीला. तार षड्ज ५५४. गजर रंगात आला की गाणं वर जातं, तार गंधारापर्यंत, तो सातशेच्या जवळ. कंपनं म्हणजे काय, तर स्वरतंतू तितक्या वेळा एकमेकांवर आपटतात. बायकांचे स्वरतंतू एक ते दीड सेंटिमीटर लांबीचे. तार षड्जावर एक मिनिट राहिलं की तेहेतीस हजार टाळ्या. आणि गजरात आम्ही तिथे एक मिनिट राहत नव्हतो, वीस-वीस मिनिटं ठाण मांडून होतो, तेही ओरडून.

त्यात मंडळातल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या. पाळी गेल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली सरकतो, हे शरीराचंच आहे. विशीत जी पट्टी सहज होती ती पंचावन्नाव्या वर्षी तशीच राहील, हा हट्ट गळा ऐकत नाही. शास्त्रीय गाणाऱ्या बायका काळी चार, काळी पाच अशा पट्ट्यांत गातात आणि त्यांच्या साथीला ढाला तबला असतो, मोठ्या तोंडाचा, सहा इंचांच्या आसपास. आमच्याकडे ढाला नव्हता, आणि आणायचा तर पैसे नव्हते.

उपाय तबल्यातच होता. षड्ज काळी तीनला घेतला, तर काळी एक हा त्याचा पंचम, म्हणजे 'प' होतो. तबला षड्जातच लावला पाहिजे असं कुठे आहे? पंचमातही लावतात. म्हणजे तबल्याला हातोडीसुद्धा लावायची नाही, फक्त पेटीने सरकायचं. काळी चारला षड्ज घेतला तर काळी एक मध्यम, म्हणजे 'म' होतो. मध्यम महत्त्वाचा असलेल्या रागांत तेही चालतं. आम्ही आठवडाभर दोन्ही करून पाहिलं आणि काळी तीनवर थांबलो. षड्ज १८५, तार षड्ज ३७०. जो सूर आधी तार षड्ज म्हणून आम्ही गजरभर बडवत होतो, तोच आता तार पंचम झाला. तिथे गजरात क्वचितच जावं लागतं, आणि गेलं तरी हात लावून परत यायचं. खाली काय होईल अशी भीती होती, पण आमच्या चाली मंद्र निषादाच्या (खालच्या 'नी'च्या) खाली फारशा उतरतच नाहीत.

पहिल्या दिवशी सगळ्या कुरकुरल्या. "ताई, भजन झोपलालंय ओ." खरं होतं. वर चढून मिळणारी धार गेली होती. तबलजी काका (वय सत्तर, बोलण्यात माझ्याहून जोरकस) म्हणाले, "पंचमात तबला म्हणजे दुसऱ्याच्या घरात जेवल्यासारखं वाटतं." चौथ्या भजनापासून मात्र एक गोष्ट घडली, जी मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती: अकराही जणी एकाच सप्तकात गात होत्या. आधी वरचा सूर आला की चार-पाचजणी गुपचूप खालच्या सप्तकात उतरायच्या किंवा नुसतं तोंड हलवायच्या. मला ते कधी कळलंच नव्हतं, कारण मी वर ओरडत होते.

तुमच्या मंडळाची पट्टी ठरवायची असेल, तर पेटीवाल्याची सवय विचारू नका. प्रत्येकीला 'ऊ'वर अगदी हलक्या आवाजात वर न्या. हनुवटी उचलली जाते किंवा मानेच्या शिरा दिसायला लागतात, त्याच्या एक-दोन सूर आधी थांबा. तो सूर तिचा तार मध्यम-पंचम समजून खाली मोजत या, आणि तिचा षड्ज कुठे पडतो ते लिहा. सगळ्यांची नोंद झाली की मधलीच्या आसपासची पट्टी घ्या. सगळ्यांत उंच आवाजाच्या बाईवरून ठरवायचं नाही. ती बहुधा मुख्य गायिका असते आणि तिला राग येतो. मला आला होता.

कान

पट्टी उतरवून निम्मं काम झालं. गणपतीत मंडपात बसलो आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी गळा जड. वहीत लिहिलेलं होतं म्हणून लगेच कळलं: हे चढण्याचं दुखणं नाही, ओरडण्याचं आहे.

आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज वाढवतो. १९११ मध्ये एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे मांडलं, आणि आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. यातली मेख 'नकळत' या शब्दात आहे. मी ओरडणार नाही असं ठरवून उपयोग होत नाही, कारण ते ठरवणारा कान आहे आणि कानाला मी ऐकूच येत नाहीये. माझ्या दोन्ही बाजूंना टाळ, डोक्यावर पत्रा आणि दोन्ही स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून. श्रोत्यांना मी व्यवस्थित ऐकू येत होते. मलाच येत नव्हते.

आम्ही जागा बदलल्या. टाळवाल्या मागच्या ओळीत, गाणाऱ्या पुढे, पेटी मुख्य गायिकेच्या शेजारी तिच्या कानाच्या पातळीला जवळ. साउंडवाल्या मुलाला सांगून एक छोटा स्पीकर आमच्याकडे तोंड करून ठेवायला लावला. तो म्हणाला शिटी मारेल. मारली, मग त्याने तो थोडा तिरपा केला आणि थांबली. ज्या दिवशी स्पीकर नसेल त्या दिवशी एक तळवा कानामागे पन्हळीसारखा धरायचा, किंवा एका कानात कापसाचा बोळा घालायचा. कान बंद केला की आपला आवाज हाडांतून आत ऐकू येतो. जुने गवई कानाला हात का लावतात हे मला पन्नासाव्या वर्षी नीट कळलं.

बसणं, नाडी आणि चादर

मांडी घालून बसलं की गुडघे वर आणि कंबर मागे जाते, पोट दुमडतं. त्यात परकराची नाडी आवळलेली. श्वास घेताना पोट आणि खालच्या बरगड्या बाहेर यायला जागाच नाही, म्हणून छाती आणि खांदे वर उचलून श्वास घेतला जातो. असा श्वास उथळ असतो, ओळीच्या मध्येच संपतो, आणि संपत आलेला श्वास गळा आवळून पुरवला जातो. गळ्याला इजा होते ती या आवळण्याने.

आपली सोलापुरी चादर चार घड्या करून बसण्याच्या हाडांखाली घ्या, मांड्यांखाली नको. बैठक वर येते, गुडघे कमरेच्या खाली जातात, पाठ आपोआप सरळ होते. नाडी दोन बोटं आत जातील इतकी सैल. हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते, पण माझी एका श्वासातली ओळ यानेच लांबली, कुठल्या प्राणायामाने नाही. पेटी वाजवत गाणारीने जास्त जपावं. डाव्या हाताने भाता मारताना कंबर पिळली जाते, म्हणून पेटी नेमकी समोर ठेवावी, बाजूला नको.

श्वास भरपूर हवा असं मात्र नाही. कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस क्षयाने निकामी झालं आणि तरी ते पुन्हा गायला बसले, लहान-लहान झेपांतून गाणं उभं केलं. आहे तेवढा श्वास गळा न आवळता सोडता येणं महत्त्वाचं.

सूर सुरू कसा करता हेही बघा. गजरात 'आ' किंवा 'ए'ने सुरू होणारा शब्द आला की आम्ही तो गळ्यात 'टक्' करून फोडायचो. ती टक् म्हणजे मिटलेले तंतू हवेच्या दाबाने धडाक्यात उघडणं. सरावात त्या शब्दाआधी अगदी बारीक, जवळजवळ न ऐकू येणारा 'ह' ठेवा. आठवड्यात सवय बदलते. खाकरणं हीसुद्धा हीच टक् आहे, दहापट जोरात. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळा.

आधी दहा मिनिटं

शहाळ्याची नळी असते ना, ती पेल्यातल्या पाण्यात दोन बोटं बुडवा आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा. नाकातून सूर गेला तर चुकलं. खालून वर, वरून खाली, घसरत. पुढून वाट अरुंद असली की तोंडातला दाब मागे परततो आणि तंतू एकमेकांवर हलके टेकतात, आपटत नाहीत. अमेरिकेतले आवाज-शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी नळीच्या या व्यायामाचा खूप पुरस्कार केला. आमच्या मंडळात पहिल्या दिवशी हसण्याशिवाय काही झालं नाही. अकरा बायका देवळाच्या ओट्यावर पेल्यात बुडबुडे काढत बसलेल्या. पुजारीकाका बघून गेले. पण ज्या दिवशी हे राहून जातं त्या दिवशी तिसऱ्या भजनात फरक कळतो.

खर्जाबद्दल, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाबद्दल एवढंच: पहाटेचा खर्ज चांगला, पण तो दाबून, गुरगुरत काढायचा नाही. लागेल तेवढा खाली, हलका. दाबून काढलेल्या खर्जाने मी स्वतः एक हिवाळा वाया घालवला आहे.

रात्रीचं जेवण

भजन संपायला साडेदहा, मग कुणाच्या तरी घरी आमटी-भात, कडक भाकरी, शेंगा चटणी, वर तळलेलं काहीतरी, आणि बारापर्यंत आडवं. पोटातलं आम्ल झोपेत वर स्वरयंत्रापर्यंत येतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, म्हणून आम्ल आहे हे लक्षात येत नाही. शेंगा चटणी सोडा असं मी सोलापुरात राहून म्हणणार नाही. ती दुपारी खा. भजनाच्या दिवशी साडेसहालाच जेवून निघायचं, आल्यावर फार तर एखादं केळं. जेवण आणि झोप यांत तीन तास असावेत, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट. माझा सकाळचा घोगरेपणा यावर पंधरा दिवसांत गेला.

ज्या उपायांनी काही झालं नाही

ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, मध, गुळण्या. यातलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. घशाला बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. पण ज्येष्ठमध रोज आणि भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो, आणि आमच्या मंडळात निम्म्या जणी रक्तदाबाच्या गोळ्या खातात. त्या गोळ्यांतल्या एका प्रकाराने, ज्यांच्या औषधी नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, काहींना कोरडा खोकला लागतो. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपणहून बंद करू नका. पाणीसुद्धा थेट पोचत नाही, शरीरातून फिरून पोचायला तास लागतात. म्हणून भजनाला बसल्यावर नाही, सकाळपासून प्यायचं. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट पोचते. त्यात बाम टाकू नका.

बसलाच तर

दोन दिवस गाणं बंद, बोलणं कमी आणि हलकं. कुजबुजायचं नाही. कुजबुजताना बऱ्याच जणी गळा आणखी आवळतात. बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून कार्यक्रम रेटायचा नाही, कारण दुखणं हीच सूचना असते. त्या काळात ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी वेदनाशामकं नुसत्या अंगदुखीसाठी घेऊ नका. हृदयासाठी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. तिसऱ्या दिवशी नळी, मग हलकी परीक्षा. वरचा सूर हलक्याने लागेपर्यंत मंडळात फक्त टाळ.

गेल्या नवरात्रात नवव्या माळेला मी गायले. वहीत त्या दिवशी 'स' २१ आणि 'झ' १९ आहे. सहाजणींपैकी पाचजणी ठीक होत्या. कांड्या भरणारीचा आवाज सातव्या माळेला बसलाच. कारखान्याचा खडखडाट माझ्या हातात नाही. तिने कानात बोळे घालायला सुरुवात केली आहे, आणि शेजारणीला हाक मारण्याऐवजी खांद्याला हात लावते. काकांनी ढाल्यासाठी देवळात एक डबा ठेवला आहे. अजून पुडीपुरतेही पैसे जमलेले नाहीत, तोवर तबला पंचमात.